चार चाळीसचं पाणी

शरणपुरात आमच्या गल्लीला पाणी
पहाटे चार चाळीसला यायचं.
नळ आधी खोकायचा, मग थुंकायचा,
मग गंगापूर धरण आठवून
बोटभर धार सोडायचा.

ड्रम भरायला सत्तावीस मिनिटं.
एवढीच माझी शांतवेळ.

त्याआधी दर एकतीस डिसेंबरला,
मध्यरात्रीच्या उपासनेनंतर केकचा तुकडा खात
उजागरे पाळकांच्या हातून मी वाचनाचं कार्ड घ्यायचे.
वर्षात अख्खं शास्त्र, रोजचे तीन अध्याय, चौकोनात खूण.
जानेवारी खुणांनी भरायचा.
फेब्रुवारीत निवासमंडप उभा राहायला लागायचा,
इतके हात लांब, इतके हात रुंद,
बाभळीचं लाकूड, पितळेच्या आकड्या,
आणि माझं गाडं तिथंच रुतायचं.
कार्ड मग दुधाच्या हिशेबाला.

ड्रमनं कार्ड दिलं नाही.
निफाडला दव गोठल्याचं पेपरात आलं, त्या आठवड्यात
नुसतं उभं राहून पाय बधिर व्हायचे,
म्हणून आईचं शास्त्र खाली आणलं.
रेक्झिनचं कव्हर, चेन तुटलेली, वरून रबरबँड.
वाचायचं म्हणून नाही. हाताला काहीतरी.
आईनं समासात पेन्सिलीनं तारखा टाकलेल्या.
एका ओळीपाशी, 'अण्णांचं ऑपरेशन'.
दुसरीपाशी नुसतंच, 'आज नाही'.
काय नाही, ते लिहिलेलं नाही.
मी त्या पानापाशी थांबले, ड्रम वाहायला लागला,
वरून वेणूताई गांगुर्डे ओरडल्या,
"अगं ए, पाणी काय तुझ्या बापाचं?"
मला हसू फुटलं,
कारण 'बापा' म्हणूनच
मी नुकतं तोंड उघडलं होतं.

प्रार्थना म्हणजे आधी यादीच.
करुणाची बारावी, एलिशाचं सातपूरचं कंत्राट,
माझी साखर, घरभाडं, पुन्हा करुणाची बारावी.
यादी चार मिनिटांत संपायची.
उरलेल्या तेवीस मिनिटांचं काय करायचं
ते रविवारच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.
मी धारेकडे बघत बसायचे.
ड्रम अर्धा झाला की आवाज बदलतो,
पोकळ असतो तो जड होतो.
एवढं ऐकू यायला मला दोन वर्षं लागली.
मागायचं कधी थांबले, ते कळलंच नाही.
(तशी झोपायचेही. भिंतीला टेकून,
बोट अध्यायात अडकवून.)

यंदा नाताळाआधी एलिशानं गच्चीवर टाकी बसवली,
हजार लिटरची, फ्लोटसकट,
मोटार आपोआप सुरू, आपोआप बंद.
"आता झोप निवांत," म्हणाला.
झोपले. अकरा दिवस, मेल्यासारखी.
शास्त्र नाही, यादी नाही, साधं नावसुद्धा नाही.
बाराव्या दिवशी चार चाळीसला
कुणी हाक मारावी तशी जाग आली.
म्हणजे हाकबिक काही नव्हती,
शेजारचं कुत्रं होतं, आणि सवय.

खाली गेले. नळाला फडकं गुंडाळलेलं.
ड्रममध्ये आता लासलगावचे कांदे.
बादली पालथी घातली, तिच्यावर बसले.
रबरबँड काढला, उघडलं तिथं
निवासमंडप. तेच हात, तेच खांब, त्याच आकड्या.
या वेळी वाचत गेले, हळू, एकेक माप.
कुणासाठी तरी जागा करत होती ही माणसं
ओसाड रानात, आणि मुक्काम हलला की
सगळं मोडून, खांद्यावर घेऊन,
पुढं पुन्हा पहिल्या खुंटीपासून.

पेन्सिल शोधली. समासात तारीख टाकली,
आणि दुसरं काही सुचेना म्हणून
लिहिलं, 'बादलीवर'.

वर मोटार आपोआप सुरू झाली.
मी उठले नाही.